वर्ड शिकवताना आधी पोरांचा स्पेसबार सोडवा

नाशिकला सिडकोत मी क्लास घेतो, आमच्याकडची बरीच पोरं पुढे सातपूर नाहीतर अंबडच्या एमआयडीसीत ऑफिसला लागतात, म्हणून शिकवायला मी एकच कागद धरतो, द्राक्षाच्या खोक्यांचं कोटेशन. बोल्ड, इटॅलिक, रंग यात तास घालवू नका, ते त्यांना मोबाईलवरच येतं.

पहिल्या दिवशी काहीच न सांगता कोटेशन टाईप करू द्या. झालं की होम टॅबवरचं उलट्या पी सारखं बटण दाबायला लावा (कंट्रोल शिफ्ट ८ ने पण होतं). स्क्रीनभर ठिपके! एक ठिपका म्हणजे एकदा दाबलेला स्पेसबार. तारीख उजवीकडे सरकवायला एका पोरीने ६०च्या वर ठिपके टाकले होते, तिला म्हटलं आता फॉन्ट १२चा १४ कर, तर तारीख अर्धी तुटून खालच्या ओळीत. सगळे हसले, पण गपचूप आपापली फाईल पण बघायला लागले.

मग ठिपके पुसायचे. तारखेला कंट्रोल आर. माल, नग, दर, रक्कम यांना सरळ टेबल, आकडे उजवीकडे लावून. नवीन पान हवं तर एंटर बडवत बसायचं नाही, कंट्रोल एंटर. आणि लेआउटमध्ये जाऊन साईझ ए४ आहे ना ते बघायला लावा, बऱ्याच कॉम्प्युटरवर लेटर नावाचा कागदाचा साईझ असतो, तो ए४ पेक्षा १८ मिमी आखूड, मग प्रिंटला पानांचा हिशोब चुकतो.

प्रोजेक्ट रिपोर्ट असेल तर मथळ्यांना होम टॅबवरच्या हेडिंग १, हेडिंग २ या स्टाईल द्या, अनुक्रमणिका रेफरन्सेस टॅबमधून आपोआप येते, नंतर मजकूर वाढला की तिच्यावर क्लिक करून एफ९.

मराठी पत्र युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा टायपिंगमध्ये. कृतिदेवमध्ये टाईप केलेलं पत्र, समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. पाठवताना पीडीएफ करूनच.

परीक्षा मी अशी घेतो: शेजारच्याची फाईल उघडायची आणि टेबलात पाच ओळी वाढवायच्या. सही एकटीच पुढच्या पानावर गेली की मार्क कापले, मग 'आपला विश्वासू'वाली ओळ धरून पॅराग्राफमधलं कीप विथ नेक्स्ट लावायचं (म्हणजे ती ओळ खालच्या सहीसोबतच राहते) आणि परत पाच ओळी.