चेंडूवरून नजर काढायला शिका

क्रीडालेखनात येऊ पाहणारी मुलंमुली मला हमखास सांगतात, 'सगळे स्कोअर तोंडपाठ आहेत माझे.' ते उपयोगी पडतंच. माझीही सुरुवात तशीच झाली. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायचं, कात्रणं वहीत चिकटवायची, समालोचन ऐकत आपला धावफलक आपणच भरायचा. या वेडाचं मोल मी आजही कमी मानत नाही, कारण रटाळ अनिर्णित सामन्यातही शेवटच्या चेंडूपर्यंत जागेवर बसवतं ते हेच वेड.

पण चाहत्याची नजर चेंडूवर खिळलेली असते. लिहिणाऱ्याला ती तिथून काढता आली पाहिजे.

कबड्डीतली तिसरी चढाई घ्या. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या असतात; आता ३० सेकंदांत गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. सगळं मैदान त्याच्याकडे बघत असतं. तुम्ही कोपरारक्षकाकडे, म्हणजे बचाव फळीच्या टोकाला उभ्या खेळाडूकडे बघा. त्यानं शेजाऱ्याचा हात अजून धरलाय की सोडलाय? वजन टाचेवर आहे की चवड्यावर? हात सुटला आणि गुडघे वाकले की तो घोट्यावर झेप घेण्याच्या बेतात आहे, हे ओळखा. मग 'पकड झाली' एवढंच न लिहिता ती कशी रचली गेली, तेही तुम्हाला लिहिता येईल. वाचकाला निकाल आधीच कळलेला असतो. त्याला हवं असतं ते हे.

त्यासाठी वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे गुण आणि वेळ, उजवीकडे फक्त डोळ्यांना दिसलेलं. 'दडपण', 'जिद्द', 'झुंजार' हे शब्द उजवीकडे लिहायचे नाहीत. कर्णधारानं तीनदा घड्याळाकडे पाहिलं, असं लिहा.

आकडे लागतातच, पण नेमक्या जागी. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतलं कांस्यपदक हुकलं. 'थोडक्यात हुकलं' म्हटलं तर काहीच हाती लागत नाही. तिची वेळ ५५.४२ सेकंद, तिसरी आलेल्या क्रिस्टिएना कोजोकारूची ५५.४१. हे दोन आकडे शेजारी ठेवले की विशेषणाची गरज उरत नाही.

डेडलाइनची भीती सगळ्यांना वाटते. रात्रीचा सामना असेल तर कॉपीचा, म्हणजे बातमीच्या मजकुराचा, मधला भाग खेळ चालू असतानाच लिहीत जायचा आणि दोन्ही निकालांसाठी वेगवेगळे इंट्रो, म्हणजे बातमीचे सुरुवातीचे परिच्छेद, तयार ठेवायचे. सवयीनं जमतं.

पत्रकार परिषदेत 'आज कसं वाटतंय?' विचारलंत तर 'संघाचं श्रेय आहे' हेच ऐकावं लागेल. त्याऐवजी 'त्या षटकात स्लिप काढून क्षेत्ररक्षक सीमारेषेवर का पाठवला?' असं विचारा. आपला खेळ कुणीतरी बारकाईनं पाहिलाय हे कळलं की खेळाडू मोकळेपणानं बोलतात. हरलेल्या संघाशी आवर्जून बोला. सामना कुठे फिरला, याचं उत्तर बहुतेकदा त्यांच्याकडेच जास्त स्पष्ट असतं.

आवडत्या संघाचं काय, असंही विचारतात. प्रेम असू द्या, पण प्रेस बॉक्समध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि कॉपीत 'आपण जिंकलो' लिहायचं नाही.

सुरुवात मात्र मोठ्या सामन्यांपासून करू नका, असं मी अगदी कळकळीनं सांगते. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध भारताची अवस्था ५ बाद १७ होती आणि तिथून कपिल देवनं नाबाद १७५ धावा केल्या. त्या खेळीचं चित्रीकरणच नाही. ती आपल्यापर्यंत पोचली ती धावफलकातून, छायाचित्रांतून आणि तिथे हजर असलेल्यांच्या शब्दांतून. कॅमेरा नसलेली मैदानं आजही भरपूर आहेत: आंतरशालेय ॲथलेटिक्स, खो-खोचे निवड सामने, महिलांच्या स्थानिक लीग. तिथे तुम्ही लिहिलं नाही तर त्या सामन्याचं काहीच मागे उरणार नाही. शिवाय तिथे खेळाडू आणि तुमच्यामध्ये ना व्यवस्थापक असतो ना दोरी. लवकर पोचा, सराव बघा, प्रशिक्षकांशी ओळख करून घ्या. आणि नाव कसं लिहायचं ते त्या खेळाडूलाच विचारा, फलकावरून उतरवून घेऊ नका.