‘का मारलंत?’ हा प्रश्न घरीच ठेवा

मी साउंडवाली. माहितीपटांच्या युनिटमध्ये बूम, म्हणजे लांब दांडीचा माइक, धरून कोपऱ्यात उभी असते. माणूस बोलायचा थांबला की पुढे काय होतं, ते हेडफोनमुळे मला सगळ्यांच्या आधी ऐकू येतं. नरसंहार करणाऱ्यांसमोर कॅमेरा कसा लावायचा, असं दोन नव्या मुलांनी विचारलं, म्हणून हे लिहितेय.

पहिली अक्कल मला कोकणात आली. वाळीत टाकलेल्या एका कुटुंबावर आम्ही छोटी फिल्म करत होतो. बहिष्काराचा ठराव मांडणारे आजोबा झोपाळ्यावर बसलेले. आमच्या दिग्दर्शकाने तिसऱ्याच प्रश्नाला विचारलं, “का केलंत असं?” आजोबांनी लेपल माइक स्वतः काढला, वायर नीट गुंडाळून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “चहा घेऊन जा.” इंटरव्ह्यू संपला. वाळीत टाकणं आणि नरसंहार यांची बरोबरी मी करत नाहीये. पण ‘का’चं उत्तर दोन्हीकडे पाठ असतं: वरून हुकूम होता, तेव्हा काळच तसा होता.

‘कसं’ विचारा. कुठे उभे होतात, दाराला कडी होती का, दिवा कोण लावायचं? तोंड खोटं बोलतं, हात तितके सराईत नसतात. कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमधल्या तुओल स्लेंग या शाळेत ख्मेर रूज या तिथल्या कम्युनिस्ट राजवटीने १९७५ ते १९७९ या काळात तुरुंग चालवला. दिग्दर्शक रिथी पान्हने २००३च्या आपल्या फिल्मसाठी तिथल्या जुन्या पहारेकऱ्यांना त्याच इमारतीत आणलं. त्यातला एक रिकाम्या खोलीत रोजची फेरी करून दाखवतो, नसलेल्या कैद्यांवर खेकसतो. कॅमेरा त्याच्यामागे आत शिरत नाही, दाराशीच थांबतो. आत कैदी जमिनीवर झोपवलेले असायचे, त्यांच्यावर पाय कसा द्यायचा? कॅमेरा कुठे ठेवायचा याचं याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. वान नाथ हा त्या तुरुंगातून वाचलेला चित्रकार पहारेकऱ्यांपुढे आपलं चित्र ठेवतो आणि त्यातल्या गोष्टी खऱ्या का, विचारतो. समोर वस्तू असली की गप्पांना पळवाट राहत नाही.

इंडोनेशियात गोष्ट उलटी होती. १९६५-६६मध्ये तिथे किमान ५ लाख माणसं मारली गेली. मारणाऱ्यांवर खटले झालेच नाहीत, उलट त्यांचीच बाजू सत्तेत राहिली. त्यामुळे ते लपवत नव्हते, बढाया मारत होते. दिग्दर्शक जोशुआ ओपनहायमरला तिथल्या मेदान शहरातला अन्वर कोंगो भेटला, तो त्याने चित्रित केलेला ४१वा मारेकरी. म्हणजे आधीचे ४० जण ऐकण्याइतकी चिकाटी हवी. अन्वरने गच्चीवर तारेने गळा कसा आवळायचा ते दाखवलं आणि तिथेच चा-चा-चा नाचला. मग त्याला ते फुटेज दाखवलं, तर तो म्हणे पँटच चुकली! फुटेज दाखवाच. माणूस स्वतःकडे बघताना कुठे अडखळतो, ते तुमच्या प्रश्नांपेक्षा जास्त सांगतं. पुढे त्याच गच्चीवर रात्री त्याला ओकाऱ्या येतात, कोरड्या. तो खरंच हादरला की कॅमेऱ्यासाठी, यावर लोक अजून भांडतात. मी फक्त इतकंच म्हणेन, तो आवाज कुणी ‘फार लांबतोय’ म्हणून कापला नाही.

आता कंटाळवाणं पण पहिलं काम. पळायची गाडी आधी, लेन्स नंतर. ओपनहायमरच्याच २०१४च्या दुसऱ्या फिल्ममध्ये आदी रुकुन आपल्या भावाच्या मारेकऱ्यांना भेटतो. तो चष्मेवाला, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांवर तपासणीची फ्रेम चढवून नंबर बघत बघत विचारतो. कठीण भेटींना तो ओळखपत्र न घेता जायचा, फोनमधले नंबर पुसलेले असायचे, त्याचं कुटुंब विमानतळावर निघायच्या तयारीत बसलेलं असायचं. नंतर त्यांना गाव सोडावंच लागलं. स्थानिक सहकाऱ्यांची नावं श्रेयनामावलीत ‘अनामिक’ अशी आली. तुम्ही परत येता, ते तिथेच राहतात. एवढी तयारी जमत नसेल तर शूटिंग करू नका.

छुप्या कॅमेऱ्याबद्दल माझं मत डळमळतं. दिग्दर्शक क्लोद लान्झमानने त्रेब्लिंका या नाझी मृत्युछावणीतल्या पहारेकरी फ्रान्झ झुखोमेलला नाव न सांगण्याचा शब्द दिला, तरी लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपलं आणि नावासकट दाखवलं. ते फुटेज नसतं तर आपण गरीब झालो असतो. तरी तो शब्द मला देता आला नसता.

आणि प्रश्न संपला की ‘कट’ म्हणू नका. आदी एका म्हाताऱ्याशी बोलत असतो, शेजारी त्याची मुलगी. बापाने माणसांचं रक्त प्यायलं होतं, हे ती तिथेच, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा ऐकते. बराच वेळ काही बोलत नाही. मग ती आदीची माफी मागते. बाप मागत नाही. अशा वेळी बूम हळूच मुलीकडे वळवायचा, आणि बॅटऱ्या दुप्पट न्यायच्या.