पेरूची गुटी: आधी वरची गाठ बघा

आर्द्रा लागल्या की पेरूच्या गुट्या (झाडावरच्याच फांदीची साल काढून, तिथे ओलं शेवाळ गुंडाळून मुळं आणायची) बांधायची घाई सुरू होते आणि श्रावणात त्याच गुट्या कुजलेल्या निघतात. गेल्या वर्षी एका आगरात अशी एक गुटी सोडून पाहिली. शेवाळ मुठीत पिळलं तर काळपट पाणी कोपरापर्यंत ओघळलं. वास कुबट, साल काढलेली जागा काळी पडलेली, मूळ एकही नाही. मालक म्हणाले, "संजीवक डुप्लिकेट लागलं वाटतं." मुळं फुटावीत म्हणून लावतात त्या संजीवकाचा काही दोष नव्हता. वरची गाठ सैल होती.

देशावर गुटी सुकून मरते, आपल्याकडे कोकणात बुडून. फांदीवरून ओघळणारं पाणी सैल गाठीतून आत शिरतं आणि साठून राहतं. चिंब शेवाळात हवा उरत नाही, मग मूळ फुटणार कसं?

बांधणी, जूनअखेर ते ऑगस्ट:
- पेन्सिलीएवढी जाड, साधारण वर्षभराची निरोगी फांदी
- शेंड्यापासून दीड-दोन फूट सोडून २.५ सें.मी. रुंद गोल साल काढणे. खालचा बुळबुळीत थर खरवडणे
- वरच्या कडेला आयबीए हे संजीवक, ३००० पीपीएम (दहा लाख भागांत ३००० भाग)
- ओलं करून घट्ट पिळलेलं शेवाळ, वर प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी

संजीवक वरच्याच कडेला का, तर पानांतून खाली येणारं अन्न तिथे अडतं आणि मुळं तिथूनच फुटतात. नेमकी तीच कड वरच्या गाठीला लागून असते. म्हणून वरचं प्लास्टिक फांदीभोवती पिळून सुतळीचे दुहेरी वेढे द्या. रबराच्या झाडाला पावसात झालर लावतात, तशी प्लास्टिकची झालर मी गाठीच्या वर बांधतो. उभ्या फांदीपेक्षा तिरकी निवडतो. याला शिफारस नाही, पण माझ्या गुट्या त्यामुळे कमी कुजतात.

दुकानात महागडं रूटिंग जेल गळ्यात मारतील. डबीवर आयबीएचं प्रमाण छापलेलं नसेल तर घेऊ नका. पेरू काही चिकूसारखा हट्टी नाही.

पाच-सहा आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. लगेच कापू नका. मुळं तपकिरी झाली की गुटीच्या खाली अर्धी खाच घ्या, आठवड्याने पूर्ण तोडा. निम्मी पानं छाटून पिशवीत भरा, सावलीत ठेवा. लागवड पुढच्या मृगात, ६ × ६ मीटरवर, काठीच्या आधारानं. गुटीला सोटमूळ नसतं. किनाऱ्याचा वारा तिला आडवी करतो. फारच वाऱ्याची जागा असेल तर बियांच्या रोपावर पाचर कलम केलेलं (काडी पाचरीसारखी तासून रोपाच्या खाचेत बसवलेलं) झाड बरं, फक्त जोडाखालचे फुटवे काढत राहा.

बांधून झालेल्या गुट्या पहिल्या उघडिपीतच बोटांनी दाबून बघा. आत पचपच लागली तर खालच्या टोकाला दाभणाने भोक पाडा, पाणी निथळू द्या आणि वरची गाठ सोडून नव्यानं बांधा.