रापणीचा गेम कसा केला

जूनमध्ये तारकर्लीचं बोटिंग बंद झालं की आमची खानावळही पेंगायला लागते. त्या रिकाम्या दिवसांत भाच्याला घेऊन मी रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीनं जाळं ओढायच्या मासेमारीचा, गेम केला. पळापळ नाही, गोळीबार नाही. वाचायची गोष्ट, फक्त पुढे काय करायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

त्यासाठी ट्वाइन हे सॉफ्टवेअर घ्या. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेलं, फुकट, ब्राउझरमध्येच चालतं. प्रत्येक प्रसंगाचा एक चौकोन. आत मजकूर लिहायचा आणि वाट फुटते तिथले शब्द दुहेरी चौकोनी कंसात टाकायचे. मी लिहिलं:

पहाट. किनाऱ्यावर रापणीची हाक आली.
[[दोरीला हात लाव]]
[[पांघरूण ओढून घे]]

झालं, दोन नवे चौकोन आपोआप उगवतात.

इथेच नवशिक्याचा घात होतो. प्रत्येक वेळी दोन वाटा फोडल्या तर पाचव्या निवडीपाशी ३२ शेवट लिहावे लागतात. म्हणून वाटा पुन्हा एकत्र आणा. मी दोन्ही आईच्या चुलीपाशी आणल्या, तर भाचा वैतागला, "खंयसूनय गेलंय तरी थंयच येतंय, आत्ये!" खरंच होतं त्याचं. उपाय व्हेरिएबलचा, म्हणजे गेमनं मनात ठेवलेली खूण. माझ्या खुणेचं नाव 'वाटा', म्हणजे माशांतला हिस्सा. दोरी ओढली तर तो १, नाहीतर ०. चूल तीच, पण १ असेल तर बांगड्याचं तिखलं, ० असेल तर सुकटीची चटणी आणि आईचं न बोलणं. ते न बोलणं लिहायला मला दोन दिवस लागले.

आमच्या दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, संवाद नट उभ्या उभ्या रचतो. तेवढी मोकळीक खेळणाऱ्याला द्या. आणि विषय हाताखालचा घ्या, ड्रॅगन-बिगन नकोत.

ब्राउझरमधली गोष्ट ब्राउझरच्याच पोटात राहते. भाच्यानं एकदा सगळा डेटा साफ केला आणि आमचे एकोणीस चौकोन गेले. रोज काम आटपून उठताना फाइल उतरवून ठेवा.

शेवटी 'पब्लिश' केलं की एकच फाइल मिळते, ती व्हॉट्सअ‍ॅपवर धाडा. कुणी खेळत असेल तर शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. माझी आई तीनदा खेळली, तिन्ही वेळा दोरीच ओढली. चटणीचा प्रसंग तिनं अजून वाचलेला नाही.