पत्र्यावरचे दगड आणि माझं पहिलं लोडिंग

वाळूजला नोकरीला लागलो तेव्हा पहिलंच काम आलं शेतातल्या सौरपंपाच्या स्टॅंडचं. नऊ पॅनेल, चार खांब, १५ अंशांचा उतार. मी संगणकावर त्याचं मॉडेल केलं, पॅनेलवर वाऱ्याचा दाब वरून टाकला, स्टॅंडचं स्वतःचं वजन टाकलं, सॉल्व्ह केलं. सगळं हिरवंनिळं, म्हणजे ताण मर्यादेत. त्या आठवड्यात अंबडकडे मामाच्या गावी गेलो आणि फुशारकीने लॅपटॉप उघडून दाखवला. मामा म्हणाला, "वारं दाबतं व्हय रे? मग आम्ही पत्र्यावर दगडं कशाला ठेवतो?"

इथेच बहुतेक नवखे चुकतात. वारा मागून शिरला की पॅनेल उचललं जातं, त्यामुळे उचल ही वेगळी लोड केस, म्हणजे भाराची वेगळी स्थिती, म्हणून तपासायचीच.

आकडे घेऊ. आयएस ८७५ भाग ३ (२०१५) या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात औरंगाबादसाठी, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, मूळ वाऱ्याचा वेग ३९ मी/से आहे. मोकळं रान, उंची दहा मीटरच्या आत. जागा, उंची वगैरेंचे सगळे गुणक १ धरले तर वाऱ्याचा दाब ०.६ × ३९² = सुमारे ९१३ न्यूटन प्रति चौरस मीटर. उचलीचा गुणांक हिशेबापुरता १.३ धरा, खरा तक्त्यातून काढा. म्हणजे दाब १.१९ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. नऊ पॅनेलच्या १८ चौरस मीटरवर झाले २१.४ किलोन्यूटन, दोन टनांहून जास्त. आणि पॅनेल-लोखंड मिळून वजन? जेमतेम साडेतीनशे किलो.

हा दाब पॅनेलला काटकोनात द्या. मी तो सरळ उभ्या अक्षावर दिला होता, त्यामुळे साडेपाच किलोन्यूटनचा आडवा भाग गायबच झाला. अडीच मीटर उंचीवर तोच खांबांच्या पायथ्याशी एकूण जवळपास १४ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, देतो.

मॉडेल न्यूटन-मिलिमीटरमध्ये असेल तर दाब ०.००११९ जातो, १.१९ नाही. ही चूक मीही केली आणि खांब शेजारच्या तालुक्यात जाऊन पडले. सॉफ्टवेअर चकार शब्द बोलत नाही! म्हणून रन झाल्यावर रंग बघू नका, आधी आधारांच्या रिअॅक्शनची, म्हणजे पायथ्याशी उलट येणाऱ्या बलांची, उभी-आडवी मिळून एकत्रित बेरीज बघा. फक्त वाऱ्याच्या केसमध्ये ती २१.४ ला जुळली नाही, तर पुढे जाऊ नका.

कॉम्बिनेशनमध्ये, म्हणजे वजन आणि वारा एकत्र धरतानाही, गोम आहे. उचलीच्या वेळी वजन आपल्या बाजूचं असतं, ते दीडपट करून स्वतःला फसवायचं नाही. आयएस ८०० (२००७) या पोलादी बांधकामाच्या मानकाप्रमाणे ०.९ वजन अधिक १.५ वारा. निव्वळ उचल उरते २८ किलोन्यूटनच्या आसपास.

मॉडेलमध्ये खांबाचा पाया 'फिक्स्ड', म्हणजे घट्ट रोवलेला, एका क्लिकवर होतो, रानात ते काँक्रीटने करावं लागतं. उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्या पकडीवर मी भरवसा ठेवत नाही. नुसत्या वजनावर जायचं तर काँक्रीट साधारण १.३ घनमीटर, म्हणजे प्रत्येक खांबाला ६० × ६० × ९० सेंमीचा ठोकळा. पण ही समान वाटणी झाली. एकाच उताराच्या उघड्या छतावर दाबाचं केंद्र वाऱ्याकडच्या कडेपासून रुंदीच्या ०.३ वर घेतात, म्हणून त्या बाजूच्या दोन खांबांचे ठोकळे मोठे निघतात.