किडक्या गव्हातले एन्झाइम मोजताना या चुका टाळा

जुलैत एका बेकरीवाल्या काकांनी मैद्याचं पोतं उघडून दाखवलं. "मळला तेव्हा छान ताणला जात होता. दोन तासांनी बघतो तर परातीत पसरलेला. पावाची लादी उभीच राहत नाही," ते म्हणाले. सोबत गिरणीचा रिपोर्ट होता, त्यात फॉलिंग नंबर ३८० सेकंद. आकडा चोख, पाव मात्र चपटे. रिपोर्ट खोटा नव्हता. गिरणीने चुकीच्या एन्झाइमची तपासणी केली होती.

मुंबईतल्या छोट्या प्रयोगशाळांमध्ये ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. फॉलिंग नंबर अल्फा-अमायलेज या स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमबद्दल सांगतो: ७ ग्रॅम पीठ, २५ मिली पाणी, उकळत्या पाण्यात नळी, आणि घट्ट झालेल्या खळीतून दांडा खाली यायला लागलेले सेकंद. पावसात भिजून मोड आलेला गहू त्यात लगेच पकडला जातो, कारण सेकंद कमी भरतात. पण मैद्याची लवचीकता ग्लुटेन या चिवट प्रथिनामुळे असते आणि ग्लुटेन तोडतो तो प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारा एन्झाइम. त्याबद्दल फॉलिंग नंबर काहीच बोलत नाही.

काकांच्या मैद्याचा गहू जहाजाने आलेला होता. गिरणीतून त्याचे दाणे मागवून भिंगाखाली धरले. काही दाण्यांवर फिकट पांढुरका डाग आणि मधोमध टाचणीने टोचल्यासारखा काळा ठिपका दिसला. ही सन पेस्ट नावाच्या ढेकणासारख्या किडीची खूण. पश्चिम आणि मध्य आशिया, तुर्कस्तान, पूर्व युरोप या भागांत ही कीड शेतातच, दाणा दुधात असताना, त्यात सोंड खुपसते आणि लाळ सोडते. लाळेतला प्रोटिएज कोरड्या दाण्यात गप्प पडून राहतो आणि पिठात पाणी पडलं की कामाला लागतो. शंभरात दोन-तीन दाणे असे असले तरी पाव बिघडू शकतो.

अशा वेळी महागडं यंत्र नसलं तरी चालतं. ग्लुटेनचे दोन सारखे गोळे धुऊन काढा. एक लगेच तपासा. दुसरा पाण्यात बुडवून ३७ अंशांना एक-दोन तास ठेवा आणि मग तपासा. दुसरा गोळा चिकट, लिबलिबीत झाला, तर प्रोटिएज आहे. सेडिमेंटेशन चाचणीतही (पिठातलं प्रथिन फुगून तळाला किती थर बसतो ते पाहायची चाचणी) हेच करता येतं. फक्त पहिला आकडा पाहून "माल ठीक" असं लिहू नका. नुकसान दिसायला वेळ द्यावा लागतो.

आता आपल्या गोदामातली कीड. टोके आणि तांबडा भुंगेरा यांची गोष्ट वेगळी. त्यांचे एन्झाइम त्यांच्या आतड्यात असतात आणि दाणा दळताना किड्याबरोबर पिठात येतात. "चाळून घेतलं की झालं" हा समज इथे घात करतो, कारण टोक्याची अळी दाण्याच्या आतच वाढते. वरून दाणा धडधाकट दिसतो, सुपात पाखडला तरी हाताला लागत नाही. म्हणून थोडे दाणे फोडून बघा आणि किड्यांच्या विष्ठेतून येणाऱ्या यूरिक आम्लाची तपासणी सोबत करा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत गव्हासाठी त्याची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. एन्झाइमचा आकडा आणि यूरिक आम्ल एकमेकांशी जुळत नसतील, तर रिपोर्टवर सही करायची घाई नको.

अमायलेजचा आकडा कमी आला म्हणून कीड नाही असंही धरू नका. गव्हात अशी प्रथिनं असतात जी किड्यांच्या अमायलेजला अडवतात, पण गव्हाच्या स्वतःच्या अमायलेजला हात लावत नाहीत. पिठाच्या एकाच अर्कात ही प्रथिनं आणि किड्याचं एन्झाइम मिसळले की ते एन्झाइम दबून जातं.

पीएचबद्दल, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी त्याच्या मापाबद्दल, मी हट्टी आहे. गव्हाचा स्वतःचा प्रोटिएज आम्लधर्मी बफरमध्ये (पीएच ठरावीक ठेवणाऱ्या द्रावणात) जोरात चालतो. तांबड्या भुंगेऱ्याचे मुख्य प्रोटिएजही थोड्या आम्लधर्मी पीएचला चालतात. सन पेस्टच्या लाळेतल्याला मात्र साधारण ८ ते ९ पीएच लागतो. एकाच बफरमध्ये मोजून "प्रोटिएज नाही" म्हणणं म्हणजे एकाच घराची कडी वाजवून गल्ली रिकामी आहे असं सांगणं. त्यात ट्रिस नावाचा बफर वापरत असाल तर तो ज्या तापमानाला वापरायचा त्याच तापमानाला जुळवा. दर अंशाला त्याचा पीएच सुमारे ०.०३ ने उतरतो. २५ अंशांना ८.५ केलेला बफर ३७ ला ८.२ च्या आसपास येतो. एसी बंद पडलेल्या मे महिन्यातल्या प्रयोगशाळेत "रूम टेम्परेचर" या शब्दाला काही अर्थ उरत नाही, म्हणून वहीत अंश लिहा. अर्क काढताना भांडं बर्फात ठेवा.

नमुना कोपऱ्यावरच्या चक्कीत दळून आणू नका. जात्याच्या दगडांमध्ये पीठ इतकं तापतं की एन्झाइम मरू शकतो, शिवाय स्टार्चचे कण फुटून अमायलेजचा आकडाही बिघडतो. प्रयोगशाळेची थंड राहणारी गिरणी वापरा आणि निदान २५०-३०० ग्रॅम गहू दळा. ७ ग्रॅम म्हणजे जेमतेम पावणेदोनशे दाणे. त्यात डागी दाणा एक आला की तीन, हा नशिबाचा खेळ होतो. नमुनाही थप्पीच्या आतल्या, गरम लागणाऱ्या पोत्यांतून घ्या, कारण कीड ऊब धरूनच जमते.

रंग मोजून प्रोटिएज काढत असाल, तर प्रत्येक नमुन्याचा स्वतःचा ब्लँक (तुलनेसाठी एन्झाइम बंद केलेला नमुना) हवा: आधी आम्ल घालून एन्झाइम मारायचा, मग सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइमने तोडायचा पदार्थ, घालायचा. भुंगेरा लागलेलं पीठ गुलाबीसर झालेलं असतं, आणि तो रंग यंत्राला एन्झाइमचं काम वाटतो. ओलावा मोजून आकडा १४ टक्के ओलावा धरून लिहा. पावसाळ्यातलं आणि जानेवारीतलं पीठ तसंच शेजारी ठेवून तुलना होत नाही.

काकांना आम्ही तो मैदा दुसऱ्या गव्हाच्या चांगल्या मैद्यात थोडा थोडा मिसळायला, थंड पाण्याने मळायला आणि फुगवण्याचा वेळ कमी करायला सांगितलं. लादी उभी राहिली. गिरणीत त्या मालाच्या उरलेल्या पोत्यांवर आता खडूने "३७ अंश, दोन तास" असं लिहिलेलं असतं.