आधी मागची उंची, मग टायर, शेवटी डिस्क: जुन्या काँटेसाला मसल कारचा रुबाब कसा आणायचा

मसल कार म्हटलं की मागं रुंद टायर, बूड जरा वर आणि तोंड खाली, हेच चित्र डोळ्यांपुढं येतं. मग माणूस पहिलं काय करतो? अलॉय घेऊन येतो. बेळगावच्या उद्यमबागेत माझं लेथचं छोटं दुकान आहे. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज अशा सगळीकडची पोरं डिकीत नवी कोरी डिस्क (टायर ज्यावर चढतो ते चाक) घालून येतात आणि विचारतात, "काका, बसतील की हे?" मी सांगतो, बसतील रे, पण फिरणार नाहीत. खरेदीचा क्रमच उलटा झालेला असतो. आधी मागची उंची ठरवायची, त्या उंचीला कुठला टायर मावतो ते बघायचं आणि त्या टायरला लागणारं डिस्क सगळ्यात शेवटी शोधायचं.

हा उचललेल्या बुडाचा प्रकार अमेरिकेतला. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून मसल कारचा काळ सुरू झाला असं मानतात. पुढं ड्रॅग रेसवाल्यांना मागं मोठा टायर हवा होता आणि तो मडगार्डात मावत नव्हता, म्हणून त्यांनी मागची बाजू उचलली. मस्टँगला मागं पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) होते, तिथं पाटा बॉडीला टांगणारे शॅकल लांब घातले. शेव्हेलला कॉईल स्प्रिंग होत्या, तिथं हवेचे शॉकॲब्सॉर्बर आले. टायर मावण्यासाठी केलेली सोय पुढं फॅशन झाली. आपल्याकडं मस्टँग कुठनं येणार? आपली काँटेसा. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ ते २००२ काढली, सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा, पुढं १.८ लिटरचं इसुझू इंजिन आलं. जेमतेम ८८ हॉर्सपॉवरच्या गाडीला मसल कार म्हणायचं का, हा वाद तुम्ही घाला. लांब बॉनेट आणि मागच्या चाकांना ताकद, एवढं मला पुरतं. खालचं गणित ॲम्बॅसडर-पद्मिनीलाही चालतं, फक्त त्यांना मागं पाटे आहेत.

मोजायला सपाट जमीन पाहिजे. शहाबादी फरशी दिसायला सपाट असते, पण गवंड्याची पाण्याची नळी लावून चारही चाकांची जागा एकदा तपासा. पाच-सात मिलिमीटरचा उतार सहज निघतो. टाकी अर्धी, स्टेपनी आणि जॅक जागेवर, टायरात हवा बरोबर. जॅकवरनं उतरवलेली गाडी लगेच मोजू नका, दहा फूट मागं-पुढं ढकला, मागचा बंपर दोनदा दाबून सोडा, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसतात. आता चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायर बदलला की आकडा बदलतो, मध्यापासून मोजलेला आकडा निव्वळ स्प्रिंगचा असतो. डाव्या-उजव्यात सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिथंच थांबा. स्प्रिंग बसलीय, म्हणजे कायमची दबलीय, किंवा रबर बुश गेलेत. ते केल्याशिवाय पुढचं सगळं वाया.

मग वजन टाका. मागच्या सीटवर तिघं, डिकीत सिमेंटची दोन पोती. पुन्हा मोजा. गाडी खड्ड्यात किती आपटते हे बघायचं असेल तर मागच्या बंप रबरवर (ॲक्सल बॉडीला आपटू नये म्हणून लावलेलं रबर) कणकेचा गोळा चिकटवा आणि नेहमीच्या रस्त्यानं, नेहमीच्या वेगानं एक चक्कर मारा. गोळा जसाच्या तसा राहिला तर जागा भरपूर आहे. चपाती झाली तर गाडी आधीच तळाला टेकतेय, तिथं मोठ्या टायरचं नावच काढू नका. घरी कणीक मागताना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

उचलायची किती? वजनानं दबलेली उंची आणि बंप रबरची जागा बघून ठरवा, पण माझं मत विचाराल तर मागची बाजू पुढच्यापेक्षा २० ते २५ मिलिमीटर वर, बास. काँटेसाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २६६७ मिलिमीटर आहे. मागनं २५ मिलिमीटर उचललं की सगळी गाडी साधारण अर्धा अंश पुढं झुकते आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक सरळ ठेवणारा, मागं झुकलेला स्टेअरिंगचा कोन) तेवढाच कमी होतो. अर्ध्या अंशाचं फार जाणवत नाही. तीन इंच उचललेल्या गाडीचं स्टेअरिंग मात्र हायवेवर हलकं पडतं, गाडी भटकायला लागते. हेडलाईट जमिनीकडं बघतात, ते वर करून घ्यावे लागतात. गिअरबॉक्समधनं मागं जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, मग ठरावीक वेगाला बुडाखाली थरथर येते आणि मिस्त्री शाफ्टच्या सांध्याचा क्रॉस बदलून बदलून दमतो. काँटेसाच्या मागच्या ॲक्सलला पॅनहार्ड रॉड आहे, त्याचं एक टोक बॉडीला आणि दुसरं ॲक्सलला. बॉडी वर गेली की ॲक्सल एका बाजूला सरकतो. म्हणजे एका बाजूचा टायर मडगार्डच्या जवळ, दुसऱ्या बाजूचा आत. लोक म्हणतात डिस्क वाकडं आलं. आणखी एक तपासा: गाडी जॅकवर घेऊन ॲक्सल लोंबकळू द्या आणि ब्रेकचा मधला होस ताणला जातो का ते हातानं बघा.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. स्प्रिंगनं बॉडी वर जाते, डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) जिथं आहे तिथंच राहतो. तो ॲक्सलवर आहे आणि ॲक्सल टायरवर. त्याला वर उचलणारा एकच, मोठ्या व्यासाचा टायर. चिकोडी-निपाणी पट्ट्यात ऊस सुरू झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी शिवारातल्या रस्त्यांना दोन चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा पडतो. तिथं स्प्रिंग कितीही चढवा, डिफरन्शियल घासणारच. म्हणून मी उंचीचा अर्धा-अधिक वाटा टायरकडनं घेतो आणि उरलेला स्प्रिंगकडनं.

स्प्रिंगचं थोडक्यात. कॉईलच्या वेटोळ्यांत रबरी बफर खुपसू नका, ती वेटोळी काम करायची बंद होतात आणि उरलेल्यांवर सगळा भार येतो. योग्य लांबीची स्प्रिंग घ्या नाहीतर चांगल्या ठिकाणी बनवून घ्या. बसलेल्या स्प्रिंगला पुन्हा तापवून पाणी देऊन उपयोग होतो, पण देणारा जाणकार पाहिजे. पाट्यांच्या गाडीला लांब शॅकल लावू नका, मागची बाजू वळणावर आडवी हलते. पाट्याला बाक देऊन घेणं किंवा एक पान वाढवणं बरं.

आता टायर. बाजूवरचा १९५/६० आर १५ हा आकडा असा वाचायचा: रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६० टक्के म्हणजे ११७, ती दोनदा धरून २३४, त्यात १५ इंचाचे ३८१ मिळवले की व्यास ६१५ मिलिमीटर. याच हिशोबानं १८५/७० आर १४ सुद्धा ६१५ च्या आसपास येतो, म्हणजे चौदावरनं पंधरावर गेलं तरी उंची तीच ठेवता येते. पुढं १९५/६० ठेवून मागं २०५/६५ आर १५ घातला तर व्यास साडेसहाशेला जरा कमी, ६४७. पुढच्यापेक्षा ३२ मिलिमीटर मोठा, त्याचा निम्मा म्हणजे १६ मिलिमीटर मागची बाजू नुसत्या टायरनं वर. डिफरन्शियलही तेवढाच वर. राहिलेले चार ते नऊ मिलिमीटर स्प्रिंगनं. ही जोडी मला काँटेसाला सगळ्यात पटते.

फुकट काही नसतं. मागचा टायर पाच टक्के मोठा झाला की मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ नं पळत असते. चढालाही गाडी तेवढीच जड वाटते. इसुझू इंजिनला गोव्याकडनं चोर्ला घाट चढताना काही वाटत नाही. सुरुवातीच्या १.५ लिटरच्या जुन्या इंजिनला मात्र हे करू नका, भरल्या गाडीत दुसऱ्या गिअरला कुथत बसाल. त्या गाडीला चारही ६१५ चेच ठेवा.

टायरच्या बाजूवर आणखी दोन आकडे बघा. लोड इंडेक्स ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. आणि डॉट (DOT) अशी अक्षरं असलेल्या ओळीतले शेवटचे चार अंक: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. शोची जुनी गाडी कमी फिरते, तिच्या टायरची नक्षी शाबूत राहते आणि रबर दगड होतं. जूनमध्ये जांबोटीच्या पुढं पाऊस धरला की असल्या टायरवर ब्रेक मारून बघू नका. स्वस्तात मिळाला म्हणून सहा-सात वर्षांचा टायर घ्यायचा नाही. आणि १७ इंची डिस्कला पातळ पापुद्र्यासारखा टायर आमच्या रस्त्यांवर नकोच, पहिल्याच खड्ड्यात डिस्कची कड वाकते.

डिस्ककडं आलो. मागचं चाक काढा आणि गाडी स्टँडवर ठेवा, पण स्टँड ॲक्सलखाली, बॉडीखाली नाही. तरच वजन स्प्रिंगवर राहतं आणि ठरवलेली उंची खरी दिसते. मडगार्डच्या कडेवरनं, हबच्या (डिस्क ज्यावर बसतं तो मधला भाग) बरोबर वर, ओळंबा सोडा. डिस्क जिथं टेकतं त्या तोंडापासून दोऱ्यापर्यंत मोजा. समजा ९५ मिलिमीटर आलं. तिथनंच आत, सगळ्यात जवळ जे आडवं येतं, स्प्रिंग असो की चॅसिस, तिथपर्यंत मोजा. समजा १५०. बाहेर १० आणि आत २० मोकळे सोडा, कारण टायर वर-खाली होताना बाजूलाही हलतो. राहिले ८५ आणि १३०, मिळून २१५. सहा इंची डिस्कवर २०५ चा टायर प्रत्यक्षात २०९ च्या आसपास भरतो, म्हणजे मावला. त्याचा मध्य हबच्या तोंडापासून साधारण २२ मिलिमीटर आत यायला हवा. तोच तुमचा ऑफसेट, डिस्कवर ईटी २२ असं लिहिलेलं असतं. हल्लीच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची अलॉय ईटी ३५ ते ४५ ची असतात. ईटी ४० चं बसवलंत तर आत फक्त पाच-साडेपाच मिलिमीटर उरतात आणि टायर वळणावर स्प्रिंगला घासतो. डिकीतल्या त्या कोऱ्या डिस्कचं नेमकं हेच होतं.

मग मला स्पेसर, म्हणजे हब आणि डिस्कच्या मध्ये घालायची चकती, करून द्या म्हणतात. मी करतो, पण मनापासून नाही. करायचाच तर भरीव, हबच्या मधल्या उंचवट्यावर घट्ट बसणारा, आणि स्टड (डिस्क अडकवायचे बोल्ट) लांब बदलून. १२ एमएम, दीड एमएम आट्याच्या स्टडवर नट निदान आठ फेरे गेला पाहिजे. त्यापेक्षा कमी जात असेल तर स्पेसर भंगारात टाका.

पीसीडी, म्हणजे स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, टेपनं मोजू नका. पाच स्टड असतील तर शेजारच्या दोन स्टडच्या मध्यातलं अंतर व्हर्नियरनं घ्या आणि ०.५८८ नं भागा. ६७.२ आलं तर ११४.३, तो मस्टँगचा आणि पहिल्या इनोव्हाचाही. ७०.५ आलं तर १२०, ७०.९ आलं तर शेव्हेलचा १२०.६५. शेवटच्या दोघांत स्टडमागं अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरक, म्हणून १२० चं डिस्क १२०.६५ वर ठोकून बसवणारे भेटतात. नट वाकडे बसतात आणि सुटत राहतात. चार स्टड असतील तर समोरासमोरचं अंतर हाच पीसीडी. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर ॲल्युमिनियमची रिंग कातून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. नटाची बैठक बघा: निमुळता नट निमुळत्या खोबणीलाच, गोल बैठकीचा गोल खोबणीलाच.

मडगार्डच्या बाहेर टायर काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत. कोगनोळी ओलांडून कोल्हापूरकडं जाताना कर्नाटकची केए पाटी आणि बाहेर आलेली चाकं असली की गाडी बाजूला घेतलीच म्हणून समजा.

नट टॉर्क पान्यानं आवळा, १२ एमएमच्या स्टडला ९० ते १०० न्यूटन-मीटर, एकाआड एक. नवीन अलॉय जरा बसतं, म्हणून ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पुढं-मागं वेगळे टायर असले की स्टेपनी कुठली ठेवायची हे सगळे विचारतात. पुढच्या मापाची ठेवा. पुढचा गेला तर सरळ लावा. मागचा गेला तर तीच मागं लावून पन्नासच्या आत जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जा, कारण दोन बाजूंना वेगळ्या व्यासाचे टायर असले की डिफरन्शियलचे गिअर सरळ रस्त्यावरही फिरत राहतात. आणि डिकीत नट दोन जातींचे ठेवा, लोखंडी डिस्कचे वेगळे, अलॉयचे वेगळे. स्टेपनी जुन्या लोखंडी डिस्कची आणि नट सगळे अलॉयचे, अशी गाडी चोर्ल्याच्या वळणावर उभी राहिलेली मी बघितलीय.